रजईतला बगळा

ध्वजाधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा मुकादम शाळेच्या पोरांना झेंड्यावरचा बगळा समजावून सांगत होता.

मुकादम म्हणजे या घरच्या आजीचा थोरला मुलगा. हे त्याचं नाव नव्हे, आणि काम तर नव्हेच नव्हे. झेंड्याच्या कारखान्यातलं सगळं काम बायका करायच्या आणि हा हात मागे बांधून त्यांच्या मधून फिरायचा, म्हणून शिलाईवाल्यांनीच कधीतरी त्याला ही पदवी बहाल केली होती. शाळांच्या सहली आल्या की मात्र त्याला खरंखुरं काम मिळे.

"हा बगळा म्हणजे आपल्या राष्ट्राचा संयम," तो पोरांना सांगत होता. "तो काठीकडे तोंड करून का उभा आहे? कारण राष्ट्र नेहमी आपल्या आधाराकडे पाहतं."

घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली आणि पोरांना कधीच न सांगितलेली हकीकत वेगळी होती. झेंडा ठरवायला नेमलेली मोठी माणसं वर्षभर एकमेकांच्या उरावर बसली. उद्या सत्ता हातात येणार आणि काठीवर चढवायला चिंधीसुद्धा नाही अशी वेळ आल्यावर त्यांना आजीच्या सासऱ्यांची आठवण झाली. सासरे तंबू शिवायचे. त्यांनी विचारलं, रंग कोणते घेऊ? मंडळी म्हणाली, तुमच्याकडे कोणते आहेत? तंबूचा तांबडा होता आणि गाद्यांच्या खोळीचा निळा. मधोमध गरुड हवा होता. सासऱ्यांनी जन्मात गरुड पाहिला नव्हता. मागच्या तळ्यावर बगळे यायचे, ते रोज पाहिले होते. दुसऱ्या दिवशी चढवणाऱ्याने गडबडीत झेंडा उलट्या बाजूने बांधला, बगळ्याने तोंड काठीकडे आणि शेपूट जमावाकडे केलं, तसाच फोटो निघाला, आणि फोटोत निघाला तोच खरा झेंडा ठरला. अर्थ नंतर विद्वानांनी शोधले. तांबडा म्हणजे त्याग आणि निळा म्हणजे विशालता. गाद्यांच्या खोळीचं नाव कोणी काढलं नाही.

तर फोन. ध्वजाधिकारी म्हणजे देशातल्या प्रत्येक झेंड्याचे सरकारी पालक. कुठला झेंडा किती उंच, कधी अर्ध्यावर, मळला तर कोणी उतरवायचा आणि फाटला तर कोणी जाळायचा, या सगळ्यावर त्यांचा शब्द शेवटचा. शिवाय पुढच्या महिन्यात ते या घराचे व्याही होणार होते, त्यामुळे मुकादमाने फोन उभ्यानेच घेतला.

"आम्ही दुपारी येतोय," ध्वजाधिकारी म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हा तुम्ही दिलेली रजई सोबत आणतोय. कुत्र्याने ती फाडली."

"अहो, एवढंच ना? दुसरी देऊ की—"

"त्यातून बगळा निघाला," ध्वजाधिकारी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पोरांना तसंच संयमापुढे उभं ठेवून मुकादम धावत वर आला. वर म्हणजे कारखान्याच्या डोक्यावरच्या चार खोल्यांत, जिथे हे सगळं खटलं राहत होतं. आजी खिडकीपाशी बसून कुणाच्यातरी सदऱ्याची काजं करत होती.

"आई, व्याह्यांना दिलेल्या रजईत काय घातलं होतंस?"

"ऊब," आजी म्हणाली.

"चेष्टा नको! त्यातून बगळा निघालाय."

"निघणारच. कुत्रा बांधून ठेवायला काय होतं त्यांना?"

मुकादम तिच्यासमोर खाली बसला. जुना झेंडा ज्या घरात शिवला त्याच घराच्या अंगणात, अखंड, फाडल्याकापल्याशिवाय, उभं राहून जाळायचा, हा नियम तो पोरांना तोंडपाठ म्हणून दाखवायचा. देशभरातून विरलेले, उन्हाने उडालेले, वाऱ्याने झोडपलेले झेंडे पोत्यांतून इथे यायचे. आई ते मागच्या अंगणात जाळायची, धूर वर जायचा, आणि ध्वजाधिकारी फाटकाबाहेर गाडीशी उभे राहून त्या धुराला सलाम करायचे. त्यांना दमा होता, म्हणून ते आत यायचे नाहीत.

"मग आपण आजवर जाळत काय होतो?" मुकादमाने विचारलं.

"कातरण. जुनी पोती. तुझे पायमोजे."

"आणि झेंडे कुठे गेले? आई, कुठल्या रजईत आहेत?"

"सगळ्यांत," हे उत्तर आजीने नव्हे, दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने दिलं.

मुकादमाने बायकोकडे पाहिलं. मग आतल्या खोलीतल्या आपल्या पलंगाकडे पाहिलं. त्यावर एक जाड, गुबगुबीत, करड्या खोळीची रजई घडी करून ठेवलेली होती आणि ती इतकी वर्षं त्याच्या नाकापर्यंत यायची.

"तुला माहीत होतं?"

"धुतं कोण?" मोठी सून म्हणाली. "ओली झाली की खोळीतून निळं-तांबडं दिसतं. पहिल्यांदा वाटलं, रंग गेला असेल. दुसऱ्यांदा चोच दिसली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही लगेच भाषण केलं असतं."

"म्हणजे मी... मी इतकी वर्षं पाय..." मुकादमाने आपल्या पावलांकडे पाहिलं.

"पायांचं मी बघितलंय," आजी दोरा तोडत म्हणाली. "बगळ्याचं डोकं तुझ्या डोक्याकडे आणि पाय तुझ्या पायांकडे. एकही उलटा घातलेला नाही. तेवढं कळतं मला."

*

दुपारच्या आत धाकट्या भावाला बोलावून घेतलं गेलं. धाकटा विमा विकायचा आणि त्याचं सगळं आयुष्य काय काय वाईट होऊ शकतं ते लोकांना रंगवून सांगण्यात गेलं होतं, त्यामुळे खोलीत शिरताच त्याला हुरूप आला.

"हा ध्वजाचा अवमान झाला," तो बोटांवर मोजत म्हणाला. "झेंडे शिवायचा मान जाईल. वर्तमानपत्रात येईल. आणि बॉबिनचं लग्न तर मोडल्यातच जमा."

बॉबिन तेव्हाच खालून मशिनवरून उठून आली होती. तिच्या केसांत निळे दोरे अडकले होते. ती आजीच्या मधल्या मुलाची मुलगी. मधला अग्निशमन दलात होता. ही रांगत असताना तो एका गोदामाच्या आगीत गेला. पुढे आजीनेच पुढाकार घेऊन सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं, आणि पोर मात्र स्वतःपाशी ठेवून घेतली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला बॉबिन म्हणू लागले. लग्न करायचं नाही असं ती ठणकावून सांगायची. मग दाढ दुखली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेली, आणि तोंडात चिमटा असल्यामुळे तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. तो डॉक्टर ध्वजाधिकाऱ्यांचा मुलगा निघाला. दाढ बरी झाल्यावरही ती जात राहिली. तो तिला मनापासून आवडला होता आणि हे घरात सगळ्यांना दिसत होतं, म्हणून आज कुणाला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

"सांगायचं, बाजारातून आणली," धाकट्याने तोडगा काढला. "आत काय भरलंय ते आम्हाला काय ठाऊक?"

"अगदी बरोबर," मुकादम म्हणाला. वडील गेल्यापासून दोघा भावांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

"कशी सांगाल?" मोठी सून म्हणाली. "'आमच्या आईने या वयात स्वतःच्या हाताने शिवलीय' असं छाती फुगवून कोण म्हणालं होतं?"

"ते विसरले असतील."

"ध्वजाधिकारी? ते तर गावातल्या प्रत्येक काठीची उंची झोपेत सांगतात."

"मी खरं काय ते सांगणार," बॉबिन म्हणाली.

"तू गप्प बस!" दोन्ही काका एकदम ओरडले.

"लग्न माझं आहे."

"म्हणूनच गप्प बस."

मोठ्या सुनेने बॉबिनच्या केसांतले दोरे काढायला सुरुवात केली. ती नेहमी नवऱ्याच्या बाजूने उभी राहायची, कारण दुसऱ्या बाजूला सासू असायची. आज मात्र तिला नवऱ्याचा राग येत होता. तिने या रजया पिळल्या होत्या, गच्चीवर चढवल्या होत्या, मुलांना ताप आला तेव्हा त्यांच्यावर घातल्या होत्या. अवमान म्हणजे काय ते तिला नीट माहीत होतं. तो तिने या घरात पुष्कळ सोसला होता. त्यात या रजया कुठेच बसत नव्हत्या.

आजीच्या मनात निराळीच धास्ती होती, आणि ती दोघा मुलांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मेलेल्या माणसावर घातलेला झेंडा पुन्हा काठीवर चढत नाही, तो लगेच जाळायचा, असा नियम आहे. मधल्यावर घातलेला झेंडा तिच्या हाती आला तेव्हा ती तो घेऊन अंगणात गेली होती, काडीही ओढली होती. ते तिला जमलं नाही. तिने तो पेटीत ठेवला. पुढच्या खेपेला जुन्या झेंड्यांचं पोतं आलं तेव्हा तिला वाटलं, आपलं ते ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाचं ते जाळायचं, हे बरं नव्हे. कुणास ठाऊक कुठल्या काठीवर, कुणासाठी अर्ध्यावर आलेले असतील ते. मग तिने एकही जाळला नाही. इतकं कापड घरात ठेवायचं कुठे, तर रजयांत. आणि बॉबिनचं लग्न ठरलं तेव्हा तिने पेटी उघडली आणि मधल्याचा झेंडा नव्या रजईत घालून तिच्या सासरी पुढे पाठवून दिला. लेकीच्या आधी बाप तिथे पोचलेला बरा, असं तिला वाटलं. हे तिने बॉबिनलाही सांगितलं नव्हतं. आता तोच नेमका कुत्र्याच्या तोंडी गेला होता.

*

ध्वजाधिकारी जिना चढून आले ते दोन्ही हात पुढे धरून. हातांवर रजई आडवी होती. एका कोपऱ्यातून निळं कापड लोंबत होतं आणि त्यातून बगळ्याचं डोकं बाहेर आलं होतं. डोळ्याजवळ कुत्र्याचा दात लागला होता, त्यामुळे बगळा कुणाला तरी डोळा मारतोय असं वाटत होतं. मागे विहीणबाई धापा टाकत येत होत्या, आणि सगळ्यांत मागे दाताचा डॉक्टर, तोंड बंद करून.

"या, बसा," मुकादम म्हणाला.

"मला बसता येणार नाही," ध्वजाधिकारी म्हणाले. "ध्वज हातात आहे. या खोलीतली सर्वांत उंच जागा कुठली?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कपाटाचा माथा उंच होता, पण त्यावर जुन्या बॅगा, एक मोडका पंखा आणि धाकट्याच्या लग्नातले बूट होते. ते सगळं खाली उतरवण्यात बराच वेळ गेला. धाकटा खुर्चीवर चढला, धुळीने शिंकला, ध्वजाधिकारी "सांभाळून! जमिनीला लागता कामा नये!" असं ओरडले, आणि शेवटी रजई कपाटावर विराजमान झाली. बगळ्याची मान तेवढी खाली लोंबत राहिली आणि तो पुढचं सगळं वरून बघू लागला. मग ध्वजाधिकारी बसले आणि चहा आला.

"आता सांगा," ते म्हणाले.

"त्याचं असं आहे," मुकादमाने घसा साफ केला, "ती रजई आम्ही बाजारातून—"

"तुमच्या आईंनी शिवली ना?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काहीच काळंबेरं नव्हतं. "मी तर सगळ्या शेजारणींना दाखवली. एवढी सरळ टीप हल्ली कुणाची असते?"

मुकादमाचा चेहरा पडला. धाकट्याने तत्काळ त्याला वाऱ्यावर सोडलं.

"हो, आईनेच शिवली," तो मऊ आवाजात म्हणाला. "पण वय झालंय तिचं. हल्ली विसरते. हाताला काय लागतंय ते कळत नाही. आपण तिला सांभाळून घ्यायला हवं."

"कोण विसरतं?" आजीने चष्मा काढला. "तू पोस्टाच्या गल्लीतल्या विधवेला खोटा विमा विकलास, त्याचे पैसे कुणी फेडले, सांगू? सगळं लक्षात आहे माझ्या. काका, मी मुद्दाम घातला. या घरातल्या प्रत्येक रजईत झेंडे आहेत. मी एकही जाळलेला नाही."

"काका" ही हाक ध्वजाधिकाऱ्यांना होती. ते आजीहून वीस वर्षांनी तरी लहान होते, पण वर्दीतल्या माणसाला ती काका म्हणायची.

"एकही नाही?" त्यांनी कप बशीत ठेवला. "अहो, मी स्वतः हजर होतो! दर खेपेला फाटकाशी उभा राहून मी सलाम केलाय!"

"केलात. मी पेटवून वर यायची आणि खिडकीतून बघायची. टाच कशी छान जुळवायचात."

"मग मी सलाम कशाला केला?"

मोठ्या सुनेने खालच्या मानेने सांगितलं, "बहुतेक वेळा पोती असायची. एकदा यांची गादी होती. ढेकूण झाले होते."

दाताच्या डॉक्टरच्या नाकातून चहा बाहेर आला. तो उठून खिडकीपाशी गेला आणि त्याचे खांदे हलत राहिले. बॉबिनने ओठ दाबून धरले. विहीणबाईंनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं आणि बराच वेळ पुसत राहिल्या. ढेकणांना सलाम करताना आपला नवरा कसा दिसला असेल ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

ध्वजाधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी हयातभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता आणि ती गोष्ट एका दुपारी ढेकणांनी खाल्ली होती. ते उभे राहिले.

"सगळ्या रजया अंगणात आणा. आज माझ्यादेखत जळतील. मी नाकाला रुमाल बांधून उभा राहीन, पण आत उभा राहीन. हे झालं तर मी हा विषय इथेच मिटवेन. झालं नाही तर मला वर कळवावं लागेल. आणि मग या घराशी आमचा संबंध राहणं शक्य नाही."

"बाबा," डॉक्टर खिडकीतून वळला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तू मधे पडू नकोस."

"मी मधेच आहे," डॉक्टर म्हणाला. "लग्न माझं आहे."

हे वाक्य या खोलीत आज दुसऱ्यांदा बोललं गेलं आणि दोन्ही वेळा कुणी ते मनावर घेतलं नाही.

मुकादम एव्हाना पुरता पलीकडच्या गोटात गेला होता. "बरोबर आहे, नियम म्हणजे नियम," असं म्हणत त्याने स्वतःच्या पलंगावरची रजई उचलली. धाकटा दुसऱ्या खोलीत शिरला. दोघे भाऊ वरखाली करू लागले. कधी नव्हे ते ते एका तालात काम करत होते आणि ते पाहून कुठल्याही आईला बरं वाटलं असतं. आजी आपल्या जागी बसून राहिली. मोठ्या सुनेने मुलांच्या रजया द्यायला नकार दिला.

"यांना हात लावायचा नाही."

"अगं, ऐक—"

"लग्न करून आले तेव्हापासून ऐकतेय. तुमच्या घरात मला कशाने ऊब आली असेल तर ती या रजयांनी आली. तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा."

मुकादम चपापला आणि तेवढ्या दोन रजया सोडून खाली गेला. अंगणात ढीग झाला. खालून त्याची हाक आली, "पेटवू का?"

"थांबा," ध्वजाधिकारी म्हणाले. "आधी ही." त्यांनी खुर्चीवर चढून कपाटावरची रजई उतरवली, पुन्हा दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि दाराकडे वळले.

दारात आजी उभी होती. ती केव्हा उठली ते कुणाला कळलं नव्हतं.

"ही नाही," ती म्हणाली.

"काकू, बाजूला व्हा."

"खालच्या सगळ्या घ्या. माझ्या अंगावरची घ्या, मी पोतं पांघरेन. ही नाही."

"पण का? हीच तर फाटलीय."

"हिच्यात माझा मधला आहे."

ध्वजाधिकारी थांबले. आजी त्यांच्याकडे बघत नव्हती, बॉबिनकडे बघत होती, पण बोलत होती त्यांच्याशीच.

"गोदामाची आग. दोघांना बाहेर आणलं त्याने आणि तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेला. त्याच्यावर झेंडा घातला होता तुम्ही लोकांनी. आठवतंय?"

"मीच होतो," ध्वजाधिकारी हळू म्हणाले. "त्याच्यावरून काढून घडी मीच घातली. नवीन होतो तेव्हा."

"घडी घातलीत आणि माझ्या हातात दिलीत. म्हणालात, जाळून टाका, नियम आहे." आजीने दाराची चौकट धरली. "माझा मुलगा एकदा जळला. दुसऱ्यांदा मी जाळणार नाही. तुम्हाला जाळायचा असेल तर आधी मला ढकला आणि मग जा."

खालून मुकादमाने पुन्हा विचारलं, "पेटवू का?"

"त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवला नव्हतात," विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणालात, एका आईला काहीतरी बोलून आलोय."

बॉबिनला काहीच ऐकू येईनासं झालं होतं. ती इतकी वर्षं याच कापडाच्या टिपा मारत आली होती. डोळे झाकून बोट फिरवलं तरी पट्टा कुठे संपतो ते तिला कळायचं. बापाचं मात्र तिच्यापाशी काही नव्हतं. शिरस्त्राण दलाने परत नेलं होतं, कपडे उरले नव्हते, आणि एका फोटोत तो उन्हाकडे बघत असल्यामुळे डोळे मिटलेले होते. ती पुढे झाली आणि तिने फाटलेल्या कोपऱ्यातून हात आत घातला. कापड खरखरीत होतं. बऱ्याच आत, बगळ्याच्या पंखापाशी, बोटांना एक जागा जास्त कडक लागली. तिथे काय सांडलं होतं, कोण रडलं होतं, ते तिने विचारलं नाही. तिने हात तसाच आत ठेवला. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"आजी, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ती पांघरली नसतीस. फ्रेम करून भिंतीवर लावली असतीस. पांघरायला दिलीय मी."

बॉबिनने दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि ध्वजाधिकाऱ्यांकडे पाहिलं.

"ही माझ्याबरोबर तुमच्या घरी येणार आहे. ही चालणार नसेल तर मी पण येणार नाही. मला तुमचा मुलगा फार आवडतो, म्हणून आधीच सांगून टाकते. नंतर वाद नको."

"चालेल," डॉक्टर म्हणाला.

"तुला विचारलेलं नाही," बॉबिन म्हणाली.

ध्वजाधिकाऱ्यांच्या हातांवर अजूनही रजई होती. ती जड होती आणि त्यांचे हात भरून आले होते, पण खाली ठेवायची कुठे ते त्यांना सुचेना. त्यांच्या पुस्तकात काठीवरच्या झेंड्याचं कलम होतं, गाडीवरच्या झेंड्याचं होतं, मेलेल्या माणसावरच्या झेंड्याचंही होतं. झोपलेल्या माणसावरच्या झेंड्याचं नव्हतं. त्यांनी ते मनातल्या मनात दोनदा शोधलं.

"घरात ठेवायचा नाही असा नियम आहे," ते शेवटी म्हणाले.

"ठेवायचा कुठाय?" विहीणबाई म्हणाल्या. "पांघरायचा आहे. आणि खरं सांगू का? गेली थंडीभर तुम्ही याच्याखाली घोरत होतात. कूस बदलली नाहीत. मी एरवी अर्धी रात्र तुमच्या खोकल्याने जागी असते."

ध्वजाधिकाऱ्यांचे कान तांबडे झाले. त्यांनी आजीकडे पाहिलं. मग खिडकीपाशी जाऊन अंगणात पाहिलं. तिथे मुकादम काडेपेटी धरून, मान वर करून, हुकुमाची वाट बघत उभा होता आणि शेजारी धाकटा त्याला वारा कुठून येतोय ते समजावत होता.

"त्या रजया वर घेऊन या," ध्वजाधिकारी ओरडून म्हणाले. "धुळीत ठेवल्यात! लाज नाही वाटत?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले आणि मग पुन्हा उचलाउचल करू लागले. यावेळी त्यांचं आधी कुणी आणि किती न्यायच्या यावरून भांडण झालं.

ध्वजाधिकारी खिडकीकडे पाठ करून वळले. त्यांनी बॉबिनच्या हातांवर रजई ठेवली, अगदी सावकाश, आणि कोपऱ्यातून बाहेर आलेला बगळा दोन बोटांनी आत सारला. तो नीट आत जाईना, तेव्हा आजीने पुढे होऊन ढकलला.

"एक लक्षात ठेव," ते बॉबिनला म्हणाले. आवाज कडक काढायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तो अर्धवटच निघाला. "जमिनीला लागता कामा नये. आणि हा मुलगा झोपेत लोळतो. लहानपणापासून पलंगावरून सगळं खाली पाडतो."

बॉबिनने रजई छातीशी घट्ट धरली.

"ही नाही पडणार," ती म्हणाली. "पडला तर तुमचा मुलगा पडेल."

ध्वजाधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. हे नियमात बसत होतं.